तेराव्या वर्षी गळालेला स्ट्रायकर: फातोर्ड्याच्या पराभवावर एका वडिलांना उत्तर

गोव्यातल्या साखळीहून एका वडिलांनी प्रश्न टाकलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ऑक्टोबर 2025 मधे मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आपण सिंगापूरकडून हरलो ती फुटबॉल मॅच ते पोराला घेऊन बघायला गेले होते. तेव्हापासून घरात आणि नाक्यावर एकच भांडण चालू आहे, टीम चुकीची निवडली होती का, आणि एकेकाळी इंडियाच्या टीममधे गोव्याची एवढी पोरं असायची ती गेली कुठे. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, की त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, नोव्हेंबरचा जन्म, विंगर खेळतो, आणि परवाच्या ट्रायलला "खेळतो बरा पण लहान दिसतो" म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवला, आता काय करू.

ट्रायल कोणाची ते त्यांनी लिहिलेलं नाही आणि मी विचारतही नाही, कोणाचीही असली तरी गोष्ट तीच आहे. मी फोंड्याच्या बाजूला अंडर-13 ते अंडर-17 ची पोरं घेतो, बरीच वर्षं झाली. सीनियर टीमशी माझा संबंध टीव्हीपुरता आणि फातोर्ड्याच्या स्टँडपुरता, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर मी बोलणार ते प्रेक्षक म्हणूनच समजा. पण मला विचाराल तर तुमचा तो शेवटचा प्रश्नच खरा आहे, पहिल्या दोन्हीचं उत्तर त्याच्यातच आहे.

तरी निवडीचं आधी बोलून घेऊ, नाहीतर कोणी पुढचं वाचणार नाही. 9 ऑक्टोबरला सिंगापूरमधे आपण 1-1 केलं, जिंगनला हाफ टाइमनंतर लगेच रेड कार्ड, दहा जणांवर खेळून शेवटच्या मिनिटांत रहीम अलीने गोल परत केला. 14 तारखेला फातोर्ड्यावर छांगतेने चौदाव्या मिनिटाला लांबून असा मारला की स्टँड उठलं, मग हाफ टाइमच्या जरा आधी साँग उई-यंगने बरोबरी केली आणि दुसऱ्या हाफमधे त्यानेच दुसरा घातला, 1-2, आणि 2027 च्या एशियन कपचा रस्ता बंद. जिंगन सस्पेंड होता म्हणून डिफेन्स हलली असं म्हणता येईल. अमुक मिडफिल्डर का नाही, तमुकला उशिरा का उतरवला, हेही म्हणता येईल. मीपण स्टँडमधे बसून तेच म्हणत होतो.

पण त्याच्या महिना-दीड महिना आधी, ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमधे, याच कोच खालिद जमीलने नवीन नवीन हातात आलेली टीम घेऊन ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं होतं आणि मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपला ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला होता. तेव्हा सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. महिन्याभरात माणूस एवढा बिघडत नाही. आणि एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो, त्या ऑक्टोबरमधे आपली आयएसएल, म्हणजे देशातली वरची लीग, सुरूच झालेली नव्हती, लीगच्या कराराचं भांडण कोर्टापर्यंत गेलेलं, बहुतेक पोरांनी एप्रिल महिन्यानंतर लीगची एकही मॅच खेळलेली नव्हती, कोण ड्युरंड कप खेळला कोण तेही नाही. अशा पायांवर कोणाला निवडलं याला मर्यादेपलीकडे अर्थ नाही.

त्याच एशियन कपच्या क्वालिफायर मॅच बघा. मार्च 2025 बांगलादेशबरोबर 0-0, जूनमधे हाँगकाँगकडून 0-1, मग सिंगापूर 1-1 आणि 1-2, आणि नोव्हेंबरमधे ढाक्याला बांगलादेशकडून 0-1, जिथे आपण त्यांच्याकडून 2003 नंतर पहिल्यांदा हरलो. पहिल्या पाच मॅच, दोन गोल. पहिल्या दोन मॅचना कोच मानोलो मार्केझ, नंतरच्या तीनला खालिद जमील, मार्केझच्या आधीचा स्टिमॅच जून 2024 मधे गेला तोही याच कारणाने, गोल होत नाहीत. कोच बदलला, फॉर्मेशन बदलली, नावं बदलली, गोल काही वाढले नाहीत. याचा अर्थ निवडणाऱ्याचा दोष शून्य असं नाही, पण निवडणाऱ्याच्या समोर जे ठेवलंय त्यातच भानगड आहे. दुपारी बारा वाजता मासळी बाजारात गेलेल्या माणसाला विसवण नाही आणलं म्हणून शिव्या घालून उपयोग नाही, सकाळी सहाला काय झालं ते विचारा.

स्ट्रायकरचंच घ्या. 2024-25 च्या आयएसएलमधे भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कोणाचे? सुनील छेत्रीचे, 14, वय 40. हा माणूस जून 2024 ला कलकत्त्यात कुवेतविरुद्ध खेळून इंटरनॅशनलमधून निवृत्त झाला आणि मार्च 2025 ला त्याला परत बोलवावं लागलं. त्याच्याबद्दल मला आदरच आहे, पण मागे कोणीच उभं नाही ही शरमेची गोष्ट आहे. क्लबचं गणितही सरळ आहे. आयएसएल 2014 ला सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा फॉरेनर चालायचे, 2017 पासून पाच झाले, 2021 पासून चार. आकडा कमी झाला पण क्लबने काय केलं, जे चार उरले त्यातला एक तरी नंबर 9 ला, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर, ठेवला, कारण गोल करणारा महाग आणि नोकरी रविवारच्या रिझल्टवर. मी त्या कोचच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. मग आपला जो पोरगा सतराव्या वर्षापर्यंत सेंटर फॉरवर्ड खेळला त्याला क्लबमधे गेल्यावर विंगला ढकलतात. म्हणून विंगर आपल्याकडे ढीगभर, छांगते काय, लिस्टन काय, आणि मधे कोणी नाही.

पण हा झाला वरचा मजला. मी ज्या मजल्यावर काम करतो तिथे ही गळती आधीच सुरू झालेली असते, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण तुमच्या मुलाचं उत्तर इथेच आहे.

एक साधारण ट्रायल कशी होते सांगतो. सकाळी सातला शंभरच्या वर पोरं, हातावर किंवा पाठीवर मार्करने नंबर, तीन निवडणारे, एक फुल साइझ ग्राउंड. अकरा-अकराच्या टीम पाडतात, पंधरा-वीस मिनिटं खेळवतात, पुढची बॅच. त्या वीस मिनिटांत विंगवरच्या पोराला बॉल किती वेळा मिळणार? चार-पाच वेळा, त्यातला एक मागून उंच आलेला, एक समोरच्या दांडग्या पोराने खांद्याने उडवून घेतलेला. कोणीच कोणाला ओळखत नाही म्हणून पास कोणी देत नाही, जो तो स्वतःला दाखवायला बघतो. अशा खेळात दिसतो कोण? ज्याची उंची आहे, ज्याची किक लांब जाते, जो शर्यतीत पुढे पळतो. निवडणारे मुद्दाम अन्याय करतात असं अजिबात नाही, माझे मित्र आहेत त्यात, पण ट्रायलच अशी मांडलेली आहे की तिथे शरीर दिसतं, खेळ दिसत नाही.

आता वयाचं. वयोगट ठरवायची आपली कट-ऑफ 1 जानेवारी. म्हणजे तुमचा नोव्हेंबरचा पोरगा आणि जानेवारीचा पोरगा एकाच गटात, दहा महिन्यांचा फरक. मोठ्या माणसांत दहा महिने म्हणजे काहीच नाही पण तेराव्या वर्षी ते फार असतात, आणि त्यावर पुन्हा शरीराचं घड्याळ वेगळं. मुलांची उंची साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास सगळ्यात जोरात वाढते, पण कोणाची बारालाच सुरू होते कोणाची पंधराला, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन पोरांच्या हाडांच्या वयात तीन वर्षांचं अंतर सहज सापडतं. एआयएफएफ, म्हणजे देशाची फुटबॉल संघटना, वय तपासायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढते ती टीडब्ल्यू-3 टेस्ट, ती आहे चोरी पकडायला, कारण खोट्या जन्मतारखा हा आपल्या देशाचा जुना धंदा आहे (गोव्यात तो जरा कमी, इथे जन्माचा दाखला लोक सोन्यासारखा जपून ठेवतात, का ते पुढे येईलच). पण त्याच एक्स-रेमधे जे दुसरं दिसतं, की खऱ्या वयाचं असूनही कोण लवकर वाढलाय आणि कोण मागे आहे, ते निवडताना कोणी विचारात घेत नाही.

लवकर वाढलेल्या पोराचं काय होतं तेही बघा, कारण नुकसान त्याचंही होतंच. त्याला तेराव्या वर्षी सेंटर बॅक किंवा स्ट्रायकर ठेवतात, बॉल पुढे टाकायचा, तो पळतो, गोल. दोन वर्षं त्याला फर्स्ट टच सुधारायची गरजच पडत नाही, मान वळवून मागे कोण आहे बघायची गरज पडत नाही, डावा पाय तर नुसता उभं राहायला. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि मग त्याच्याकडे काहीच उरत नाही. आणि ज्याच्याकडे असतं तो बारका पोरगा तोपर्यंत फुटबॉल सोडून टर्फवर मित्रांबरोबर खेळतो किंवा दहावीच्या ट्यूशनला जातो. दोन्ही हातचे गेले. अंडर-17 ला आपण स्ट्रायकर शोधायला लागतो तेव्हा त्या यादीत तेराव्या वर्षी मोठी असलेली पोरंच उरलेली असतात.

यावर उपाय कठीण नाहीत. मी ट्रायल घेतो तेव्हा अकरा-अकरा खेळवतच नाही, चार-चार, छोटं ग्राउंड, छोटे गोल, सात-आठ मिनिटांचे गेम आणि दर गेमला टीम बदल, म्हणजे एका सकाळीत प्रत्येकाच्या पायाला बॉल शेकड्याने लागतो आणि लपायला जागा राहत नाही. बघतो काय तर बॉल यायच्या आधी पोरगा खांद्यावरून मागे बघतो का, बॉल गेल्यावर पहिल्या दोन सेकंदांत काय करतो, आणि मार खाल्ल्यावर पुढच्या वेळी तोच रस्ता घेतो की दुसरा शोधतो. आणि नंबर देतो ते जन्मतारखेच्या क्रमाने, मोठ्यात मोठ्याला 1, लहानात लहानाला शेवटचा. ही माझी अक्कल नाही, नेदरलँड्समधे स्काउट लोकांवर प्रयोग झाला होता, 2017 ला छापून आला, त्यात स्काउटना नुसत्या जन्मतारखा कागदावर देऊन काही फरक पडला नाही, वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलेच वर आले, पण शर्टचे नंबरच वयाच्या क्रमाने लावले तेव्हा हा कल गेला. डोळ्यासमोर नंबर असला की डोकं आपोआप हिशोब करतं. खर्च शून्य. तरी किती ठिकाणी करतात ते तुम्हीच विचारून बघा.

आता गोव्याचं. तुम्ही लिहिलंय एकेकाळी एवढी पोरं असायची, ते खरंच आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, मग क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, इंडियाची टीम लिहायची तर गोव्यापासून सुरुवात व्हायची. त्यामागे क्लब होते. देशाची तेव्हाची वरची लीग, आधी नॅशनल लीग मग आय-लीग, धरून 2004-05 ते 2012-13 नऊ सीझन झाले, त्यातले आठ गोव्यात आले, पाच डेंपो, दोन चर्चिल, एक साळगावकर. आणि 2016 ला, आयएसएल वर आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर असा प्लॅन आला तेव्हा डेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीग सोडली. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं माहीत नाही, पण खाली काय झालं ते सांगतो. आधी एकोणीस वर्षांच्या गोंयकार पोरासमोर नॅशनल लेव्हलचे चार-पाच दरवाजे होते, सगळे मडगाव-वास्को-पणजीच्या मोटरसायकल अंतरावर, ते एकदम एक-दोन झाले. एफसी गोवा चांगलं काम करते, ब्रायसन फर्नांडिसने फातोर्ड्यावरच, सिंगापूरच्या मॅचनंतर आठवड्याभराने, सौदीच्या अल नासरला गोल घातला तो बघितला ना? पण एक क्लब किती पोरं घेणार. लिस्टन कुलासोचं बघा, साळगावकर, मग गोव्याकडून संतोष ट्रॉफी, मग एफसी गोवा, हैदराबाद, मोहन बागान. मधल्या पायऱ्या होत्या म्हणून चढला.

दुसरं कारण गोव्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही. 1961 च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या मुलांना-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं, म्हणून तो दाखला सोन्यासारखा. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या क्लबच्या कोचना विचारा, अठरा-एकोणीसचा बरा खेळणारा पोरगा एक दिवस येऊन सांगतो, सर, पेपर झाले, चाललो. इंग्लंडचं दार ब्रेक्झिटनंतर अरुंद झालं तरी युरोप आहेच. पासपोर्ट बदलला की इंडियाच्या टीमचा विषय संपला, आपल्याकडे दोन पासपोर्ट चालत नाहीत. त्या पोराला मी दोष देत नाही, इथल्या लीगमधे त्याला महिन्याला जे मिळतं त्यात घर चालत नाही. आता रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपल्याकडे आला, पूर्वी अराता इझुमी जपान सोडून आला होता, आणि सगळे म्हणतात अजून आणा. आणा की. पण दारातून जितकी पोरं बाहेर जातायत त्यांची मोजणी कोणी करत नाही.

आणि तिसरं, हे आपलं आपण केलेलं. आपल्या गावच्या टुर्नामेंट. मला त्या आवडतात, मे महिन्यात संध्याकाळी पंचायत ग्राउंडवर माती उडतेय, माइकवर कॉमेंट्री, चिकन पाव, त्याच्याशिवाय गोवा नाही. पण लहान पोरांच्या फुटबॉलचा पाया नॉकआउट असू शकत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे हाफ, हरलात की घरी. अशा मॅचमधे कोणता कोच बारक्या पोराला ड्रिबल करू देईल? मोठा पोरगा मागे, लांब किक, शेवटी पेनल्टी. पोराच्या खात्यात पूर्ण मोसमात नीट तासाभराच्या मॅच किती पडल्या ते मोजा, फार वाईट आकडा येईल. युरोपातला तेरा-चौदाचा पोरगा मोसमभर लीग मॅच खेळतो, हरला तरी पुढच्या शनिवारी परत खेळतो. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्याही आत, गोव्याच्या एक चतुर्थांश म्हणा, ते 2016 च्या युरोमधे इंग्लंडला हरवून क्वार्टर फायनलला गेले. त्यांनी हवामान होतं तसंच ठेवून छपराखाली ग्राउंड बांधली आणि लहान पोरांनाही लायसन असलेले कोच दिले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ग्राउंडवर घोट्यापर्यंत चिखल, आणि त्या चार महिन्यांत वाढत्या वयाची पोरं टर्फवर तासाला पैसे भरून खेळतात, कोच कोणी नाही.

तर इथपर्यंतचं एवढंच, की फातोर्ड्याला अकरा जण कोण उतरवले यापेक्षा त्या अकरांच्या वर्गातले बाकीचे कुठे गळाले हा माझा प्रश्न आहे. आणि आता तुमचा मुलगा.

हे सगळं काही बाबतींत परिस्थितीवर आहे, मी त्याला खेळताना बघितलेलं नाही. तो खरंच चांगला पण लहान आहे, की लहान आहे हे कारण देऊन निवडणाऱ्याने सोपा नकार दिला, हे मला इथून कळणार नाही. तुमची आणि आईची उंची किती, मामा-काका कधी वाढले, हेही बघावं लागेल. पण काही गोष्टी कुठल्याही परिस्थितीत करा. दर तीन महिन्यांनी, एकाच वेळी, सकाळी, अनवाणी, भिंतीला उभं करून उंचीची खूण करा आणि तारीख लिहा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या वर गेली की समजा जोराची वाढ सुरू झाली. त्या काळात पोरगा धांदरट होतो, काल जमणारा टच आज जमत नाही, पाय लांब झालेले असतात आणि डोक्याला त्यांचा पत्ता नसतो. ओरडू नका. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेला दुखतं म्हणाला तर "खेळून खेळून जाईल" हे म्हणायचं नाही, डॉक्टरला दाखवा, आणि पळणं-उड्या थोड्या कमी करून बॉलबरोबर हळू काम चालू ठेवा.

अकॅडमी बदलायची तर फी आणि जर्सी नंतर, आधी विचारा की वर्षाला माझ्या मुलाला किती मॅच मिळतील आणि त्यात तो किती मिनिटं खेळेल. आकडा सांगता आला नाही तर दुसरीकडे चला. अंडर-13 ची प्रॅक्टिस एकदा बाहेर उभं राहून बघा, पोरं रांगेत उभी राहून आपल्या पाळीची वाट बघत असतील तर तिथे त्याचा वेळ जाणार, बॉल नाही मिळणार. त्याला आत्ता मोठ्या टीमच्या बेंचवर बसवण्यापेक्षा साध्या टीममधे पूर्ण मॅच खेळू दे. आणि विंगवरच अडकवू नका, त्या कोचला सांगून अधूनमधून मधे खेळवा, स्ट्रायकर म्हणूनही, लहान आहे म्हणून त्याला अंगावर घेऊन खेळता येणार नाही, मग तो जागा शोधायला शिकेल, आणि तेच त्या पाच मॅचमधे आपल्या टीममधल्या कोणाला जमलं नाही.

पुढच्या वर्षी ट्रायलला परत न्या, त्याच्याही पुढच्या वर्षी न्या. फॉर्मवर जन्मतारीख लिहिताना महिना ठळक लिहा आणि निवडणाऱ्याला तोंडाने सांगा, साहेब, नोव्हेंबरचा आहे. काही जण हसतील. एखादा तरी खाली वाकून त्याचा नंबर वहीत परत लिहील. आणि कधी शनिवारी फोंड्याला यायला जमलं तर पोराला घेऊन या, बूट आणि पाण्याची बाटली घेऊन, चार-चारमधे घालून बघतो, मग उंचीचं सोडून खेळाचं काय ते तोंडावर सांगेन.